बारीक झालेला उमेदवार

२० जुलै

आजपासून लिहायचं ठरवलंय, कारण तोंडाला दुसरं कामच उरलेलं नाही. पंधरा दिवस झाले, नुसतं पाणचट सूप आणि डब्यातली ती पिठूळ पावडर. डॉक्टर विलाफ्लोर म्हणतात, यकृत आधी आक्रसलं पाहिजे, नाहीतर ऑपरेशनच्या वेळी मागचं जठर नीट दिसणार नाही. माझं जठर दिसणार नाही! अख्ख्या पाम्पांगा प्रांतात एवढं जठर दुसरं सापडायचं नाही.

पुढच्या सोमवारी मनिलात कापणार. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा, राहील ती केळ्याएवढी नळी. मग माणूस खाऊ म्हटलं तरी खाऊ शकत नाही. आपोआप बारीक.

हे का, ते इथे खरं लिहून ठेवतो. गेल्या निवडणुकीत बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली उमेदवारांची सभा होती. माझं नाव पुकारलं, मी उठायला जोर केला आणि खालची प्लास्टिकची खुर्ची गेली. चारी पाय चार दिशांना. तो व्हिडिओ आमच्या वस्तीतून निघाला तो दुबईत नोकरीला असलेल्या पोरांपर्यंत पोचला. दोमेंग दाबु कपितान, म्हणजे वस्तीचा प्रमुख, झाला. त्याने काय मोठं केलं? काही नाही. तो उभा राहिला आणि त्याची खुर्ची शाबूत होती, एवढंच.

मेनिंग, म्हणजे माझी बायको, म्हणाली, “पेतो, गुडघ्यांसाठी करत असशील, साखरेसाठी करत असशील, तर मी रोज मेणबत्ती लावते. पण कपितानच्या खुर्चीसाठी करत असशील तर एक सुतार गाठ, लाकडाची करून देईल.”

बायकांना राजकारण कळत नाही. तिला बजावून ठेवलंय, कुणापाशी एक अक्षर बोलायचं नाही. मी डुकरांच्या खाद्याचं दुकान चालवतो. पिशवीवर लिहिलेलं असतं, ‘महिनाभरात वजन वाढेल’. त्याच माणसाने पैसे मोजून स्वतःचं पोट कापून घेतलं म्हटल्यावर लोक गडबडा लोळून हसतील.

२९ जुलै

झालं. जिवंत आहे. पोटावर पाच भोकं. पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. म्हणे आत गॅस भरला होता, तो वर चढतो. शुद्धीवर येतो न येतो तोच नर्सने हाताला धरून चालायला लावलं. “अजून एक फेरी, सर.” मी म्हटलं, “बाई, मेलेल्याला तरी झोपू देतात.” ती म्हणाली, “त्यांना झोपू देतो, सर. तुम्ही चाला.”

औषधाच्या झाकणाएवढ्या पेल्यातून घोट घोट पाणी. दोन घोटांत पोट भरलं. मला रडूच आलं. बिअरची बाटली एका दमात रिकामी करणारा माणूस मी.

दुपारी आत्सेचा फोन. आत्से लुर्दिंग माझी थोरली बहीण, लग्न केलं नाही, देवळातल्या समस्त बायका तिच्या मुठीत. मेनिंगने तिला ‘पोटाचं ऑपरेशन’ एवढंच सांगितलं होतं.

“पेतो, खरं सांग. काय काढलं?”

“पोटात जे वाईट होतं ते काढलं, आत्से. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर कठीण होतं.”

“सगळं निघालं?”

“बरंचसं.”

“नाव काय त्याचं?”

“आत्से, असल्या गोष्टींचं नाव घेऊ नये.”

पलीकडे जपमाळेचे मणी वाजले. मग म्हणाली, “देव आहे, बाळा.” बाळा! मी सात वर्षांचा झाल्यापासून तिने मला बाळा म्हटलेलं नाही. पण पाहा, एक अक्षर खोटं बोललो नाही आणि काही सांगितलंही नाही. याला म्हणतात राजकारण. हे दोमेंगला कधी जमायचं नाही.

९ ऑगस्ट

घरी. पेजेवरचं पाणी, गाळलेलं सूप, परत पेजेवरचं पाणी. जेवताना पाणी प्यायचं नाही, पाणी पिताना जेवायचं नाही. दिवस नुसता घोट मोजण्यात जातो.

आत्सेने देवळात माझ्यासाठी नऊ दिवसांची प्रार्थना बसवलीय. गल्लीतून रोज कुणी ना कुणी येतं. गावठी कोंबडीचा रस्सा, शेवग्याच्या पाल्याचं सूप. पलंगाच्या कडेला बसतात, हात हातात घेतात आणि काही बोलत नाहीत. न्हावी आला, तोही गप्प. आमचा न्हावी गप्प बसलेला मी जन्मात पाहिला नव्हता. बारीक होऊ लागलं की माणसाचा मान वाढतो, हे कुणी सांगितलं असतं तर आधीच केलं असतं.

३० ऑगस्ट

लग्नातली पँट घातली! बटण लागलं! मेनिंगला म्हटलं, बघ. तिने पाहिलं, हसली आणि शिवणाच्या डब्यातून टाचणी आणून मागे खोचून दिली, कारण पँट खाली घसरत होती.

पारे लितो येऊन गेला. तो आमच्या थोरल्या पोराचा धर्मपिता, म्हणून मी त्याला पारे म्हणतो आणि तो मला. माझ्या प्रचाराचं सगळं तोच पाहतो. दारातच थबकला.

“पारे... खूपच उतरलास रे.”

“मग! निवडणुकीपर्यंत आणखी उतरेन.”

त्याने डोळे पुसले. “तू या अवस्थेत उभा राहणार आहेस?”

“या अवस्थेतच तर राहायचंय!”

त्याने मला मिठी मारली, जपून, अंड्याला मारावी तशी. म्हणाला, “तुझ्यासारखा गडी पाहिला नाही.” लितो तसा कोरडा माणूस. त्यालाही भरून आलं.

शेजारचा बुंदोक गेली बारा वर्षं माझ्या हद्दीत कुंपण घुसवून बसलाय. काल त्याने आपण होऊन कुंपण मागे घेतलं. म्हणाला, “मनात काही ठेवू नका, कोया पेतो.” कोया, म्हणजे दादा म्हणाला मला! म्हटलं, ठेवत नाही. कोर्टाने जे झालं नाही ते पँटीच्या मापाने झालं.

१४ सप्टेंबर

आज राजकारण नाही. आज वाईट वाटतंय.

आता चार घास जातात. कुस्करलेला मासा, मऊ अंडं. चौथ्या घासाला शिंक येते, म्हणजे पोट भरलं. आमचं तीस वर्षांचं सगळं बोलणं जेवताना झालं. पोरांची लग्नं, दुकान, भांडणं, सगळं ताटावर. आता माझं दोन मिनिटांत आटपतं आणि मी तिच्याकडे बघत बसतो. तिला घास गिळवत नाही. हल्ली ती स्वयंपाकघरात उभ्यानेच खाऊन घेते.

आज मी म्हटलं, “बस की इथे.”

ती म्हणाली, “तू बघतोस तेव्हा मला चोरी केल्यासारखं वाटतं.”

तिच्या हातच्या शेंगदाण्याच्या रश्श्यातल्या बैलाच्या शेपटीचा नुसता वास घेऊन मी झोपायला गेलो. भूक नव्हती. भूक नाही याचंच दुःख होतं.

५ ऑक्टोबर

केस गळायला लागले. उशीवर पुंजके. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, एवढ्या झपाट्याने वजन उतरलं की काही दिवस जातात, परत येतील, प्रथिनं घ्या. मी एक टोपी आणली, निळी, माझ्या प्रचाराच्या रंगाची.

टोपी घालून बाजारातून गेलो. मासळीवाल्या बाईने छातीवर क्रूस केला. रिक्षा स्टँडवरची पोरं चक्क उभी राहिली. हीच पोरं मला बघून रिक्षाचे टायर चेपून दाखवायची. वट म्हणतात ती ही.

२० ऑक्टोबर

प्रचार सुरू. लितोने पोस्टर छापून आणले आणि माझं डोकं फिरलं. जुनाच फोटो! तीन हनुवट्यांचा, खुर्ची मोडली त्याच वर्षीचा!

“पारे, हे काय? मी पोट...” जीभ चावली. “मी एवढा बारीक झालो तो कशासाठी?”

लितो हळू आवाजात म्हणाला, “लोकांना तू असा आठवायला हवास.”

“लोकांना मी आता आहे तसा दिसायला हवा!”

“दिसतोयस, पारे. सगळ्यांना दिसतोयस.”

भांडण्यात अर्थ नव्हता, पोस्टर लागून गेले होते.

समोर दोमेंग आहेच. शिवाय यंदा त्याची मुलगी मारिक्रिस सदस्यपदाला उभी आहे. पोरगी हुशार, वकिलीला होती. घरी येऊन माझ्या पाया पडली. म्हणाली, “कोया, आपण वेगवेगळ्या बाजूंना असलो तरी मला आशीर्वाद द्या. आणि दगदग करू नका हो.” शत्रूची पोरगी, पण वळण चांगलं.

२४ ऑक्टोबर

आज आमच्या वस्तीच्या संताचा, सान राफाएलचा सण. 

आमच्याकडे सणाला घराची दारं दिवसभर उघडी. कुणीही आत यावं, बसावं, खावं. नाही म्हटलं तर घरधन्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं. आणि उमेदवाराने तर प्रत्येक घरी खायलाच हवं. ज्याच्या घरी चार घास खाल्ले त्याची चार मतं, दुसऱ्या घरी पोट भरलं म्हणालात की ती गेली. माझा सगळा दबदबा याच दिवसावर होता. जुन्या काळी मी देवळातल्या सकाळच्या मिस्सेनंतर खायला लागायचो तो संध्याकाळच्या मिरवणुकीलाच थांबायचो. अठ्ठावीस घरं! लोक मोजायचे!

आणि ऑपरेशन ठरवताना हा दिवस माझ्या डोक्यातच आला नाही. निवडणुकीच्या आधी सहा दिवस सण, आणि सणाची तारीख तर दरवर्षीच्या दिनदर्शिकेत छापलेली असते. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा!

पहिल्या घरी एक डंपलिंग. दुसऱ्या घरी चमचाभर पिवळा भात. तिसऱ्या घरी शिंक. पुढच्या घरांत मी ताट हातात धरून उभा राहिलो आणि लितो मागून पिशवीत भरत गेला. सणाचं खाणं बांधून नेतातच, त्यात लाज नाही. पण गंमत अशी की कुणी आग्रहच केला नाही. आमच्याकडे! आग्रह नाही! “राहू दे, कोया, नुसतं बसा.” “तुम्ही आलात यातच पोचलं.” आपा सेपा, सगळ्या वस्तीच्या आजी, पंचाऐंशीच्या घरातल्या, सणाला न जेवता पाहुणा गेला तर काठी उगारतात. त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि पाण्याचा पेला दिला.

मग दोमेंगच्या घरी जावं लागलं. नाही गेलो तर भित्रा ठरलो असतो. अंगणभर माणसं. मधोमध आख्खं भाजलेलं डुक्कर, कातडी नुसती काचेसारखी. दोमेंगने स्वतः कानाजवळचा तुकडा तोडला, मानाचा, आणि सगळ्यांदेखत माझ्या पुढ्यात धरला.

आता सांगा, काय करणार होतो? तीन महिने वासावर काढलेले. समोर शत्रू. भोवती शे-दोनशे मतं. घेतला. आणि खरं लिहितो, चावायचा होता, नीट चावून पेज करून गिळायचा होता, पण कुडूम आवाज आला, चरबी जिभेवर सुटली आणि माझं भान गेलं. तसाच गिळला.

तो अडकला. छातीत कुणी पाचर मारल्यासारखं झालं. घाम फुटला, तोंडात फेस. मी दोमेंगच्या कर्दळीपर्यंत जेमतेम पोचलो आणि सगळ्या वस्तीसमोर ओकलो. टोपी पडली. डोक्यावर जे काही उरलंय ते सगळ्यांनी पाहिलं.

बँड थांबला. वर पाहिलं तर दोमेंग माझं कपाळ धरून उभा होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“माफ कर, कोया पेतो,” तो म्हणाला. “मी जनावर आहे. मला माहीत असून मी तुला खायला लावलं.”

त्याला काय माहीत होतं, तेच मला कळेना. मी म्हटलं, “डुक्कर चांगलं होतं.” यावर बायका हुंदके द्यायला लागल्या.

संपलं. खुर्ची मोडली ते बरं, असा हा आजचा व्हिडिओ. मेनिंग मला पुसत होती. म्हटलं, हरलो. ती म्हणाली, “पेतो, लोकांना काय वाटतंय, तुला खरंच कळत नाही?” मी म्हटलं, कळतंय, हसताहेत. ती काही बोलणार होती, पण मी भिंतीकडे तोंड करून झोपलो.

२५ ऑक्टोबर

एक माणूस हसलेला नाही. व्हिडिओ नाही. दोमेंग लाउडस्पीकरची गाडी घेऊन फिरतोय आणि काय सांगतोय? “माझं नाव मतपत्रिकेवर आहे, ते आता निघत नाही. पण माझ्या माणसांनो, या वेळी मत पेतो मनालास्तासला द्या. एकदा त्याची इच्छा पुरी होऊ द्या. सदस्यपदाला मात्र मारिक्रिसला विसरू नका.”

मी बाहेर पळत जाऊन त्याला मिठी मारली. असा दिलदार शत्रू मिळायला नशीब लागतं!

३० ऑक्टोबर

जिंकलो! फळ्यावर लिहिणाऱ्या मास्तरांनी माझ्या रेघा मारता मारता खडू बदलला. आमच्या वस्तीत असा विजय कुणाच्या आजोबांनी पाहिला नव्हता. सदस्यांत मारिक्रिस पहिली.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण हळू, आजाऱ्याच्या खोलीत वाजवाव्या तशा. मी म्हटलं, पुढच्या तीन वर्षांत पूल बांधू. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, “बिचारा.” पूल होणं अवघड आहे, हे मलाही माहीत आहे, पण लगेच बिचारा काय?

१ नोव्हेंबर

सगळ्या संतांचा दिवस. सगळी वस्ती स्मशानात. थडगी धुतलेली, फुलं, मेणबत्त्या, पत्त्यांचे डाव, घरोघरचे डबे. मी नवा कपितान म्हणून मिरवत गेलो.

आमच्या बाबांच्या थडग्याशी आलो तर त्यांच्या शेजारचा थडग्याचा खण, गेली कित्येक वर्षं रिकामा, तो ताजा पांढरा रंगवलेला. आतला पालापाचोळाही झाडून काढलेला.

“आत्से, हे कुणासाठी?”

आत्से माळ ओढत होती. तिने वर पाहिलं नाही. “घाई काही नाही, बाळा. पण तयारी असलेली बरी.”

तेवढ्यात मारिक्रिस आली. माझ्या पाया पडली आणि मायेने विचारलं, “कोया, डॉक्टर काय म्हणतात? ख्रिसमसपर्यंत?”

“ख्रिसमसपर्यंत काय?”

ती गोरीमोरी झाली. मी मेनिंगकडे पाहिलं. मेनिंगने डब्याचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाली, “कपितान गेला की सदस्यांत पहिली आलेली त्याच्या जागी बसते, पेतो. सगळ्यांना वाटतं तुला कॅन्सर आहे. ऑगस्टपासून वाटतंय.”

मग एकेक उलगडत गेलं. न्हावी. कुंपण. टोपी. आपा सेपांचा पाण्याचा पेला. आणि दोमेंगचं ते रडणं. ते खरं होतं, अजूनही म्हणतो खरं होतं, पण रडता रडता त्याला हिशेबही सुचला होता.

“मग तू बोलली का नाहीस?”

“तू म्हणालास, एक अक्षर बोलायचं नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारच्या थडग्यावर प्लास्टिकची खुर्ची होती. ती ओढली आणि तिच्यावर उभा राहिलो.

“ऐका सगळे!” पत्ते थांबले. “मी मरत नाही! मला कॅन्सर नाही! मी बारीक व्हायला पोट कापून घेतलंय! पैसे देऊन! पोस्टरवर चांगला दिसावं म्हणून! काय हसायचं ते हसा!”

कुणी हसलं नाही. वाऱ्याने दोन-चार मेणबत्त्या विझल्या. मग आपा सेपांनी तोंडाला आपला काळा रुमाल लावला. दोमेंग पुढे आला आणि मला कमरेला धरलं, पडू नये म्हणून.

“माझे बाबापण असंच म्हणाले होते, कोया,” तो म्हणाला. “जायच्या आधी. मला काही झालेलं नाही, म्हणाले. खुर्चीवर उभे राहून.”

“अरे, पण मला खरंच काही झालेलं नाही!”

“नाही झालं,” सगळे म्हणाले. “काही नाही झालं, कपितान. उतरा खाली.”

उतरलो. एवढ्यात एक गोष्ट ध्यानात आली. खुर्चीने चूं केलं नव्हतं.

मेनिंगने डबा उघडला. शेंगदाण्याचा रस्सा होता. तिने शेपटीचं मांस बोटांनी बारीक कुस्करलं, मला भरवलं, स्वतः एक घास घेतला, परत मला. थडग्याच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघं जेवलो, सगळ्यांदेखत, हळूहळू, पुष्कळ दिवसांनी एका वेळी. तिला विचारलं, “मी मेलो नाही तर हे लोक मला पुढच्या वेळी निवडून देतील?”

“मेला नाहीस तर हे लोक तुला माफ करतील का, ते आधी बघ,” ती म्हणाली.

आत्से जवळ सरकली. हातात दोन फोटो होते. पोस्टरवरचा, आणि ओळखपत्रासाठी परवा काढलेला नवा. “पेतो, वाईट वाटून घेऊ नको. थडग्याच्या दगडावर फोटो बसवणारा आज आलाच आहे म्हणून विचारते. कुठला देऊ?”

दोन्ही हातात घेऊन मी नीट पाहिले. नव्यात गालांचे खड्डे, टोपी, गळ्याची लोंबती कातडी. जुन्यात तीन हनुवट्या, आणि तिन्ही हसताहेत.

“जुना दे,” म्हटलं. “त्यात माझी तब्येत चांगली दिसते.”